भाव विचारण्याचा हक्क

मोहर्ली म्हटले की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो. चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटरवर, इरई धरणाच्या बाजूचे, भद्रावती तालुक्यातील हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार आहे. पहाटे जिप्सी गाड्यांच्या रांगा लागतात, पर्यटक येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. पण मोहर्लीत आणि आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्या माणसाला रोज वाघ लागत नाही. त्याला मीठ लागते, तेल लागते, साबण लागतो, मुलांना वह्या लागतात. या वस्तू तो कोठून घेतो, कोणत्या भावाने घेतो आणि भाव विचारण्याची त्याची हिंमत होते का, याची बातमी कुठे छापून येत नाही. आज या पानावर त्याविषयीच बोलायचे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, ग्राहकाचे हक्क म्हटले की आपल्याला वाटते, हा शहरातल्या सुशिक्षितांचा विषय आहे. फ्रीज बिघडला, विमान उशिरा आले, बिल्डरने घर दिले नाही, म्हणजे ग्राहक न्यायालय! परंतु खरे पाहता, ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत त्यालाच पाच रुपयांची फसवणूक अधिक बोचते. महिन्याला पन्नास हजार कमावणाऱ्याचे पाच रुपये गेले तर त्याच्या लक्षातही येत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचे रोज पाच रुपये गेले तर महिन्याला दीडशे होतात आणि तेवढ्यात घरातले एक शाळकरी मूल वह्या-पेन्सिलींसह उभे राहते.

छापील किंमत म्हणजे काय?

प्रत्येक पाकिटावर, बाटलीवर, डब्यावर एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. ही किंमत सर्व करांसह असते. ही पद्धत फार जुनी नाही. वेष्टनबंद वस्तूंचे नियम १९७७ साली झाले. पण 'स्थानिक कर वेगळे' असे छापण्याची मुभा होती आणि त्या चार अक्षरांच्या आडून दुकानदार वाटेल तेवढे जोडत असे. १९९० साली नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. आज हा विषय २००९ च्या वैधमापन कायद्याखाली आणि २०११ च्या वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांखाली येतो.

येथे एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे: 'कमाल'. कमाल म्हणजे याच्यावर नाही. याच्या खाली किती वाटेल तितके विकता येते. ही किंमत सरकारने ठरवलेली नसते. ती कंपनी ठरवते. कंपनी, ठोक व्यापारी आणि चिल्लर विक्रेता या सगळ्यांचा नफा तिच्या पोटात असतो. म्हणूनच शहरातील मोठी दुकाने छापील किमतीहून कमी भावाने माल देऊनही नफ्यात चालतात. दोन दुकाने समोरासमोर असली की दोघेही आपल्या नफ्यातला थोडा भाग गिऱ्हाइकाला देतात. यालाच स्पर्धा म्हणतात.

खेड्यात मात्र उलटे होते. शहरात एमआरपी हे छत असते. खेड्यात तीच जमीन होते. 'छापील किमतीतच देतो बाई, जास्त घेत नाही,' असे दुकानदार उपकार केल्यासारखे सांगतो आणि आपल्यालाही ते खरे वाटते. थंड बाटलीवर 'फ्रीजचे दोन रुपये' तर सर्रास घेतले जातात. हे बेकायदेशीर आहे. फ्रीजचा, विजेचा, वाहतुकीचा खर्च छापील किमतीतच धरलेला असतो. दुकानदाराने त्यावर एक रुपयाही घेता कामा नये.

आणखी एक ताजे उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, केसांचे तेल, टूथपेस्ट, बिस्किटे अशा अनेक वस्तूंवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. याचा अर्थ काय? जी वस्तू करासह ११८ रुपयांना मिळत होती तिची मूळ किंमत १०० रुपये होती. नव्या कराने ती १०५ रुपयांना मिळायला हवी. पाच रुपयांच्या पुडीचा भाव पाचच ठेवला असेल तर आतला माल वाढला पाहिजे. हे तपासणार कोण? दिल्लीतला अधिकारी मोहर्लीच्या दुकानात येऊन बिस्किटाचा पुडा हातात घेणार नाही. तो हातात घेणारे हात आपलेच आहेत.

तीच बाटली, दोन भाव

मोहर्लीतील अनेक मुले पर्यटक निवासांत आणि रिसॉर्टमध्ये कामाला आहेत. त्यांना एक कोडे रोज दिसते. वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली रिसॉर्टच्या टेबलावर कितीतरी जास्त भावाने दिली जाते. मग गावातल्या दुकानदाराने दोन रुपये जास्त घेतले तर काय बिघडले, असा प्रश्न मनात येतो.

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात आहे. हॉटेल आणि रेस्टॉरंट चालकांच्या महासंघाने दाखल केलेल्या या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, हॉटेलात गिऱ्हाईक केवळ बाटली विकत घेत नाही. बसण्याची जागा, वाढपी, वातावरण या सेवेचाही तो उपभोग घेतो. म्हणून तेथे छापील किमतीपेक्षा अधिक आकार घेतला तरी वैधमापन कायद्याचा भंग होत नाही. परंतु ही सवलत सेवा देणाऱ्या हॉटेलाला आहे. रस्त्यावरची टपरी किंवा किराणा दुकान म्हणजे हॉटेल नव्हे. तेथे आपण उभ्याने पैसे देतो, बाटली घेतो आणि चालू लागतो. तेथे वीस म्हणजे वीसच.

पूर्वी काही कंपन्या एकाच मालावर दोन ठिकाणांसाठी दोन छापील किमती टाकीत. सिनेमागृहात वेगळी, बाजारात वेगळी. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कायद्यात तशी खास परवानगी असल्याशिवाय एकाच वेष्टनबंद वस्तूवर दोन एमआरपी टाकण्यास मनाई झाली आहे.

दुसरे दुकान नसते तेव्हा

अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात की, महाग वाटले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. पण दुसरे दुकान तीस किलोमीटरवर असेल तर? हिशेब करून पाहू.

समजा, एका घरात महिन्याला दोन हजारांचा किराणा लागतो. चंद्रपूरच्या ठोक बाजारात तो शेकडा आठ रुपयांनी स्वस्त पडतो असे धरू. म्हणजे १६० रुपये वाचले. पण जाण्या-येण्याचे बसभाडे गेले, एक दिवसाची मजुरी बुडाली. वाचले ते १६० आणि गमावले ते त्याच्या दुपटीहून अधिक. एकट्या माणसाला गावातले महाग दुकानच स्वस्त पडते! गावातला दुकानदार हे बरोबर ओळखून असतो. त्याच्या भावाला एमआरपीपेक्षा बसचे तिकीट अधिक आधार देते.

याचा अर्थ दुकानदार दुष्ट आहे असा नव्हे. त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. तो थोडा थोडा माल आणतो, म्हणून त्याला ठोक भावही चढा पडतो. वाहतूक त्याच्या खिशातून जाते. पावसाळ्यात त्याचा माल ओला होतो, उंदीर खातात, उधारी बुडते. आपल्या समाजातील अनेक तरुण आज असे छोटे दुकान टाकून पोट भरत आहेत. त्यांनी नफा कमवावा, जरूर कमवावा. पण नफा आणि लूट यांत फरक आहे. छापील किमतीच्या आत जे मिळते तो नफा. गिऱ्हाइकाच्या अडचणीवर जे मिळते ती लूट.

मोठ्या दुकानांची स्वस्ताईही डोळे मिटून घ्यावी अशी नसते. बलाढ्य कंपनीने लहान विक्रेत्यांना संपवण्यासाठी तोट्यात माल विकावा आणि ते संपले की भाव चढवावेत, हा प्रकार जगभर घडला आहे. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्याने बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीला अशी मारक स्वस्ताई करण्यास मनाई केली आहे. गिऱ्हाइकाचे हित एकाच दुकानाच्या दयेवर राहण्यात नसते, मग ते दुकान गावातले असो की मोबाईलमधले.

मोबाईलवरून माल मागवणेही आता खेड्यापर्यंत आले आहे. तेथे २०२० चे ई-व्यापाराचे नियम लागू आहेत. प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची असते. वस्तू उघडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवावे; पुढे पुरावा म्हणून ते कामी येते.

उधारीची वही

मोहर्ली परिसराचे अर्थकारण ऋतूंवर चालते. उन्हाच्या सुरुवातीला मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात शेती आणि एरवी पर्यटन. ताडोबाचा गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो. त्या तीन महिन्यांत गाईड, जिप्सीचालक, रिसॉर्टमधील कामगार यांची कमाई आटते. नेमक्या त्याच दिवसांत शेतीला पैसा लागतो आणि शाळाही सुरू झालेल्या असतात. मग दुकानातली लाल वही उघडते.

उधारी ही गरिबाची गरज आहे, हे नाकारता येत नाही. पण तिचा हिशेब मांडला पाहिजे. समजा, जी वस्तू रोखीने १०० रुपयांना मिळते ती उधारीवर ११० रुपयांनी लिहिली गेली आणि तीन महिन्यांनी फेडली. दहा रुपये म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण तीन महिन्यांना शेकडा दहा म्हणजे वर्षाला शेकडा चाळीस! बँकेने चाळीस टक्के व्याज मागितले तर आपण मोर्चा काढू. दुकानदाराच्या वहीत ते व्याज म्हणून लिहिलेले नसते, भाव म्हणून लिहिलेले असते. म्हणून ते दिसत नाही.

आणि व्याजापेक्षाही मोठे नुकसान दुसरेच आहे. ज्याच्याकडे आपली उधारी आहे त्याला आपण भाव विचारू शकत नाही. पाकिटावरची किंमत वाचून दाखवू शकत नाही. पावती मागू शकत नाही. दुसऱ्या दुकानातून माल आणला तर तो पिशवीत लपवून आणावा लागतो. मोहफूल वेचले की तेही त्याच दुकानात, तो म्हणेल त्या भावाने घालावे लागते. गावात दोन दुकाने असोत की दहा, उधारी असलेल्यासाठी एकच दुकान असते. कायद्याने दिलेला हक्क उधारीची वही न बोलता काढून घेते.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यातले एक आहे अनणसुख, म्हणजे कोणाचे काही देणे नसण्याचे सुख. अनाथपिंडिक हा स्वतः मोठा व्यापारी होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. देणे नसलेला माणूसच बाजारात मान वर करून भाव विचारू शकतो.

यावर उपाय आपल्या हाताशी आहे: बचत गट. पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी लागणारी रक्कम गटाने ऑक्टोबरपासून थोडी थोडी वेगळी ठेवावी आणि जूनमध्ये सभासदांना किराण्यासाठी द्यावी. गटाचे व्याज गटातच राहते. दुकानदाराला रोख मिळाली तर तोही भाव कमी करायला तयार होतो, कारण उधारी बुडण्याची भीती त्याच्याही डोक्यावरून उतरते.

काटा कोणाचा?

सुट्या मालावर किंमत छापलेली नसते. तेथे फसवणूक भावात होते तशी वजनातही होते. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात खोटा तराजू, खोटे धातू आणि खोटी मापे यांपासून दूर राहण्याचा उल्लेख आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीही ही लबाडी ओळखीची होती, असा त्याचा अर्थ.

प्रत्येक दुकानदाराने आपली वजने आणि काटा वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारून घ्यायचा असतो. साध्या वजनांना दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी. काटा शून्यावर आहे का ते माल ठेवण्याआधी पाहावे. मिठाईचे खोके किंवा जाड पिशवी मालासोबत तोलू देऊ नये. दगडाची वजने चालवून घेऊ नयेत.

मोहफूल, चारोळी, हिरडा विकताना तर आणखी जपावे लागते, कारण येथे आपण गिऱ्हाईक नसून विक्रेते असतो आणि तरीही काटा समोरच्याचाच असतो! पायलीने माप घेऊन किलोचा भाव सांगणे, ओलाव्याच्या नावाने मनाला येईल तेवढे वजन कापणे, पैशांऐवजी किराणा देणे, असे प्रकार जंगलपट्ट्यात पूर्वापार चालत आले आहेत. एकेकाळी मिठाच्या मोबदल्यात महागडी चारोळी उचलली जात असे. केंद्र सरकारने वनोपजांसाठी किमान आधारभूत भाव जाहीर करण्यास सुरुवात केली आणि २०२० साली वाळलेल्या मोहफुलांचा भाव किलोला १७ वरून ३० रुपये केला. सरकारी खरेदी प्रत्येक गावात पोहोचत नाही. पण निदान जाहीर भाव ठाऊक असला तर व्यापाऱ्यासमोर बोलता येते.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः निविदा मागवून बांबू विकला. एकटा माणूस बांबू घेऊन गेला असता तर व्यापाऱ्याने भाव सांगितला असता. गाव एकत्र उभे राहिले तेव्हा व्यापाऱ्यांना एकमेकांशी स्पर्धा करावी लागली. विक्रीला जो धडा लागू आहे तोच खरेदीलाही लागू आहे.

एकत्र खरेदीची ताकद

इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली २८ कामगारांनी, त्यांत बरेचसे विणकर होते, पै पै जमवून स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या असा मोजका माल. उद्देश एकच: भेसळ नसलेला माल, पुरे वजन आणि नफा सभासदांना परत. जगातल्या सहकारी चळवळीचे मूळ तेथे सांगितले जाते. आपल्या मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या सहकारी दुकानातूनच पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, ठोक भावाने माल यायचा आणि संघाने तो आपसांत वाटून घ्यायचा, अशी तिची साधी पद्धत. दुकान नाही, जाहिरात नाही, नोकरचाकर नाही.

ही पद्धत मोहर्लीसारख्या गावात चालेल का? पुन्हा हिशेब करू. समजा वीस कुटुंबे एकत्र आली. दोन हजारांप्रमाणे चाळीस हजारांची खरेदी झाली. शेकडा आठने ३,२०० रुपये वाचले. टेम्पोचे भाडे एक हजार, हमाली-पिशव्यांचे चारशे. उरले १,८०० रुपये, म्हणजे घरटी नव्वद. ही रक्कम मोठी नाही, हे मान्य. कोणी या नव्वद रुपयांत श्रीमंत होणार नाही. पण खरा लाभ वेगळाच आहे. वीस घरे महिन्यातून एकदा बाहेरून माल आणू शकतात, हे गावातल्या दुकानदाराला कळले की त्याचा भाव आपोआप खाली येतो आणि त्याचा लाभ गटात नसलेल्या घरांनाही मिळतो. जे दुसरे दुकान गावात नव्हते ते या वीस बायांनी निर्माण केलेले असते.

सरकारनेही हे तत्त्व एका ठिकाणी मान्य केले आहे. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये जोडली गेली आणि जानेवारी २०२० पासून ती आणखी राज्यांत पसरली. आता कार्डधारक अंगठा लावून आपल्या सोयीच्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेऊ शकतो. एक दुकानदार वजनात मारत असेल, दुकान बंद ठेवत असेल, तर दुसऱ्याकडे जाता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळायला हवे आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी. तिच्यावर किती धान्य दिल्याची नोंद झाली ते लिहिलेले असते. पिशवीतले वजन आणि पावतीवरचे वजन जुळले पाहिजे.

तक्रार कशी करावी?

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर हा त्याचा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्यातील काही गोष्टी खेड्यातल्या ग्राहकाच्या फार उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट, विकलेल्या मालाची पावती न देणे ही 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरवलेली आहे. म्हणजे पावती मागणे हा उर्मटपणा नाही. न देणे हाच दोष आहे. दुसरी गोष्ट, आपण जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो की चेन्नईची, मोहर्लीच्या ग्राहकाला चंद्रपूरच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. तिसरी, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. चौथी, वकील सक्तीचा नाही. साध्या मराठीत, तारखांनिशी, पुरावे जोडून अर्ज करता येतो. पाचवी, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे.

दोन रुपयांसाठी कोणी आयोगात जाणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. वजन आणि छापील किमतीबाबत जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. एकाने केली तर ती कागद म्हणून पडून राहू शकते. पंचवीस सह्यांची केली तर निरीक्षकाला गावात यावे लागते.

शेतकऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बियाणे उगवले नाही तर कंपन्या पूर्वी म्हणत की शेतकरी हा ग्राहकच नाही, तो धंद्यासाठी बियाणे घेतो. १६ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्याला ग्राहक न्यायमंचाकडे जाता येते हे मान्य केले. म्हणून धानाच्या किंवा कापसाच्या बियाण्याची पिशवी फाडून फेकू नका. पिशवी, तिचे लेबल, पावती आणि शक्य तर मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्या.

गृहिणींनी लक्षात ठेवावे

१. माल घेताना चार गोष्टी वाचाव्यात: छापील किंमत, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरायचे ती मुदत. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत न्यावे. तिचाही अभ्यास होतो.

२. पाकिटाच्या आकारावर जाऊ नये. पूर्वी अनेक वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. ते बंधन आता राहिलेले नाही. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. शेजारी ठेवलेले तसेच दिसणारे पाकीट ८५० ग्रॅमचे असू शकते.

३. नव्या नियमानुसार वेष्टनावर दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमतही छापावी लागते. दोन कंपन्यांची, किंवा पुडी आणि बाटलीची, तुलना त्या आकड्यावरून करावी. प्रत्येक वेळी बाटलीच स्वस्त पडते असे नाही. कधी पुडी स्वस्त निघते.

४. फ्रीजचे, सुट्ट्या पैशांचे, पिशवीचे म्हणून छापील किमतीवर जादा पैसे देऊ नयेत. सुट्टे नाहीत म्हणून गोळी-चॉकलेट घेण्याची सक्ती नाही.

५. पावती घ्यावी. छापील पावती नसेल तर साध्या कागदावर तारीख, वस्तू, भाव आणि सही घ्यावी.

६. उधारीची नोंद दुकानदाराच्या वहीत होते तशी आपल्याही वहीत त्याच दिवशी करावी.

७. बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटे भावांसाठी ठेवावीत. मीठ, तेल, साखर, तूरडाळ, साबण यांचे गावातले, आठवडी बाजारातले आणि चंद्रपूरचे भाव फळ्यावर लिहावेत. मोहफुलाच्या दिवसांत त्याचा भावही लिहावा.

हा फळा फार लहान गोष्ट वाटेल. पण आपल्या आज्या-पणज्यांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहून माल घ्यावा लागला, पैसे लांबून टाकावे लागले, वरून सोडलेला माल पदरात झेलावा लागला. भाव विचारणे तर दूरच. ज्या पायरीखाली त्या उभ्या राहिल्या त्याच दुकानात आज त्यांची नात पाकीट उलटून किंमत वाचते. तेव्हा तिने एकटीने वाचू नये, चौघींना वाचून दाखवावी. पुढच्या बैठकीला फळा आणि खडू घेऊन जा, आणि पहिला भाव मिठाचा लिहा.